शॉर्टवेव्ह पोर्टेबल कसे पारखावेत: एक संध्याकाळ टेबलावर, पंधरा दिवस उशाशी

नवा शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो: कोणता जास्त लांबचं पकडतो? बरीच वर्षं मीही याच एका प्रश्नावर रेडिओ जोखत होतो. पण आजचे दोन-तीन बरे पोर्टेबल शेजारी ठेवून ऐकले, तर या बाबतीत त्यांच्यात फारसं अंतर सापडत नाही. घरातल्या विजेचा गोंगाट आणि आकाशातली खरखर मिळून रेडिओच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा वरचढ असतात, आणि त्याखाली दबलेलं स्टेशन कुठलाच रेडिओ वर काढू शकत नाही. खरा फरक गर्दीत दिसतो. शेजारी दांडगं स्टेशन असताना हवं ते नीट ऐकू येतं का? लांब तार जोडली की रेडिओ गोंधळतो का? आणि रात्री दिवा न लावता हात नेमक्या बटणावर जातो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका संध्याकाळी मिळतात. तिसऱ्याला पंधरा दिवस द्यावे लागतात.

आधी टेबल मांडा

शॉर्टवेव्हचा सिग्नल आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून येतो आणि मिनिटामिनिटाला बदलतो. सोमवारी एक रेडिओ ऐकला आणि मंगळवारी दुसरा, तर ती तुलना रेडिओंची होत नाही, दोन दिवसांच्या आकाशाची होते. म्हणून दोन्ही रेडिओ एकाच वेळी, एकाच टेबलावर हवेत.

जागा निवडण्याआधी एक छोटी फेरी मारा. बॅटरीवरचा रेडिओ १० मेगाहर्ट्झच्या आसपास रिकाम्या जागी लावा, आवाज मोठा करा आणि घरभर हिंडा. फोनचा चार्जर, एलईडी दिवा, टीव्ही, इंटरनेटचं राउटर यांच्याजवळ गेलात की गुरगुर वाढते. कोणती वस्तू किती त्रास देते हे पाच मिनिटांत कळतं. शक्य असेल तर घराचा मेन स्विच एकदा बंद करून ऐका. बँड किती शांत होऊ शकतो याचा अंदाज येतो. सगळ्यात शांत जागा बहुधा खिडकीजवळ किंवा गच्चीत सापडते. टेबल तिथे.

दोन्ही रेडिओंत ताजे किंवा पूर्ण चार्ज केलेले सेल घाला आणि चार्जर काढून ठेवा. ऐकताना एकच रेडिओ चालू ठेवा, कारण रेडिओच्या आतला ऑसिलेटर आणि डिस्प्ले स्वतःही थोडा गोंगाट बाहेर टाकतात, आणि जवळजवळ उभ्या केलेल्या दोन एरियल एकमेकींचा सिग्नल बिघडवतात. एक बंद, दुसरा त्याच जागी, एरियल पूर्ण लांब. पाच-सात सेकंदांत अदलाबदल जमली पाहिजे. फेडिंगमुळे आवाज येत-जात असतो, त्यामुळे एकदा बदलून निकाल देऊ नका. प्रत्येक स्टेशनासाठी निदान सहा वेळा अदलाबदल करा.

सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येक स्विच बघा. एकदा मी दोन रेडिओंची तुलना करत होतो आणि त्यातला एक बहिरा आहे असं वहीत लिहूनही टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पुसताना बाजूचा छोटा खटका दिसला: डीएक्सऐवजी (म्हणजे लांबच्या स्टेशनांऐवजी) लोकलवर, म्हणजे जवळच्यांसाठी सिग्नल कमी करणाऱ्या बाजूला, सरकलेला. पूर्ण संध्याकाळ त्या बिचाऱ्या रेडिओवर अन्याय झाला होता. तेव्हापासून पहिल्या ओळीत मी चारच गोष्टी लिहितो: डीएक्स-लोकल खटका कुठे आहे, बँडविड्थ (रेडिओ एका वेळी किती रुंद पट्टा ऐकतो) किती, टोन कुठला, एरियल कुठली.

आणि आवाज सारखा करा. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, कानाची ती खोडच आहे. दोन्ही रेडिओंना एकच इअरफोन लावून निवेदकाचा आवाज सारखा ऐकू येईल इतपत व्हॉल्यूम जुळवा. स्पीकरची परीक्षा वेगळी घ्यायची, नंतर.

कधी, काय ऐकायचं

शॉर्टवेव्हचे पट्टे, म्हणजे बँड, लहरींच्या लांबीवरून मीटरमध्ये ओळखले जातात. दिवसा १९, १६ आणि १३ मीटरचे वरचे बँड चालतात. अंधार पडला की ३१, ४१ आणि ४९ मीटर भरून येतात. गर्दीची परीक्षा घ्यायची तर संध्याकाळनंतरचा ३१ मीटर, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, याला पर्याय नाही. स्टेशनांची वेळापत्रकं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एखादं नेहमीचं स्टेशन मिळालं नाही, तर रेडिओला दोष देण्यापूर्वी नवं वेळापत्रक बघा.

एका बैठकीसाठी पाच लक्ष्यं पुरतात. एक दणदणीत स्टेशन. एक मध्यम पण खोल फेडिंग असलेलं. एक अगदी कमजोर, शब्द जेमतेम लागतात असं. एक कमजोर पण दांडग्याच्या पाच किलोहर्ट्झ शेजारी बसलेलं. आणि एक वेळदर्शक केंद्र, म्हणजे सतत अचूक वेळ सांगणारं. अमेरिकेतल्या कोलोराडोचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही २.५, ५, १०, १५ आणि २० मेगाहर्ट्झवर असतं, हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच २.५ ते १५ वर, चीनचं बीपीएमही २.५, ५, १० आणि १५ वर, कॅनडाचं सीएचयू ३३३०, ७८५० आणि १४६७० किलोहर्ट्झवर. जगाच्या पाठीवर कुठेही बसा, यातलं एखादं दिवसाच्या कुठल्यातरी वेळी लागतं. कमजोर स्टेशनाच्या परीक्षेसाठी ही केंद्रं फार सोयीची, कारण कार्यक्रम बदलत नाही; सेकंदाची टिकटिक ऐकू येते किंवा येत नाही.

नोंद सिन्पो पद्धतीने करा. सिग्नलची ताकद, इतर स्टेशनचा अडथळा, खरखर, फेडिंग आणि एकूण ऐकण्याजोगेपणा, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ५ सर्वांत चांगला. रेडिओच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. एकाच रेडिओवर दोन एरियलींची तुलना करायला तो उपयोगी आहे, पण एका मॉडेलचे ४० आणि दुसऱ्याचे ३४ यांचा परस्परांशी काही संबंध नसतो.

कमजोर स्टेशन

इथे 'आवाज येतो का' याऐवजी 'शब्द कळतात का' हे विचारा. एक-दोन मिनिटं ऐका आणि बातमीतलं कळलेलं एकेक नाव लिहा. दोन वह्यांची पानं शेजारी ठेवली की निकाल आपोआप दिसतो.

डीएसपी चिप (सिग्नलवर आकडेमोडीने काम करणारी) असलेल्या काही रेडिओंत सॉफ्ट म्यूट नावाचा प्रकार असतो. सिग्नल एका पातळीखाली गेला की रेडिओ आवाजच खाली ओढतो, खरखर त्रास देऊ नये म्हणून. एफएमवर ते ठीक. शॉर्टवेव्हवर मात्र फेडिंगच्या प्रत्येक लाटेबरोबर निवेदक विहिरीत पडतो आणि वर येतो. हे तपासायला वेळदर्शक केंद्र घ्या आणि सिग्नल पडताना टिकटिक खरखरीत हळूहळू विरते की अचानक गायब होते ते ऐका. लांबची स्टेशनं ऐकायची आवड असेल तर अचानक गायब करणारा रेडिओ घेऊ नका, बाकी कितीही चांगला असो.

दांडग्याच्या शेजारी

ही कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा.

शॉर्टवेव्हवरची प्रसारण केंद्रं पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात. समजा ९७४० वर हवं ते कमजोर स्टेशन आहे आणि ९७४५ वर दणदणीत. बँडविड्थ ६ किलोहर्ट्झ ठेवली तर शेजाऱ्याच्या बोलण्याचा फुटका, चिरका किलबिलाट निवेदकावर पसरतो. ४ वर आणा, निम्मा जातो. ३ वर आणखी कमी, पण आता निवेदक तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा येतो. आता डायल एक किलोहर्ट्झ खाली, ९७३९ वर न्या, म्हणजे शेजाऱ्यापासून लांब. स, श, च पुन्हा मोकळे होतात, कारण आवाजातला उंच पट्टीचा भाग आता फिल्टरच्या आत येतो. हा एक किलोहर्ट्झचा सरकाव ज्या रेडिओवर सहज आणि आवाज न तोडता करता येतो, तो गर्दीत निभावतो.

म्हणून तुलना करताना फक्त बँडविड्थच्या पायऱ्या किती एवढंच बघू नका. टेक्सन या चिनी कंपनीच्या पीएल-३१०ईटीवर ६, ४, ३, २ आणि १ किलोहर्ट्झ अशा पाच पायऱ्या आहेत. पीएल-८८० वर एएमसाठी (नेहमीच्या प्रसारणाची पद्धत) ९, ५, ३.५ आणि २.३. कागदावर दोन्ही भरपूर. प्रश्न असा, की ऐकता ऐकता त्या पायऱ्या बदलायला किती दाबादाबी करावी लागते, आणि बदलताना आवाज तुटतो का? ज्या रेडिओत बँडविड्थ मेनूत दडलेली असते, तिथे चौथ्या दिवसापासून माणूस ती बदलायची सोडून देतो.

एसएसबी (सिग्नलची एकच बाजू ऐकण्याची सोय) असलेल्या रेडिओवर याच स्टेशनाची आणखी एक परीक्षा घ्या. एएम स्टेशनाचा आशय वाहक लहरीच्या (स्टेशनाच्या मूळ फ्रीक्वेन्सीच्या) दोन्ही बाजूंना सारखाच असतो. वरून त्रास होतोय तर एलएसबी, म्हणजे खालची बाजू, निवडा, ९७४० वर बसा आणि बारीक ट्यूनिंगने निवेदकाचा सूर जुळवा. शेजारी जवळजवळ नाहीसा होतो. सूर किंचित हुकला तर आवाज रोबोटसारखा येतो, म्हणून ट्यूनिंगची पायरी १० हर्ट्झ असलेला रेडिओ इथे सुख देतो.

नसलेली स्टेशनं

साध्या, एकाच टप्प्यात रूपांतर करणाऱ्या जुन्या धाटणीच्या रेडिओंत मधली फ्रीक्वेन्सी, म्हणजे आलेला सिग्नल आत ज्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर उतरवला जातो ती, ४५५ किलोहर्ट्झ असते. त्यामुळे प्रत्येक दांडगं स्टेशन खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खाली पुन्हा उगवतं. ९७४० वरचं दणदणीत स्टेशन ८८३० वर ऐकू येतंय का बघा. आलं तर त्या रेडिओवर तुमचा अर्धा बँड भुतांनी व्यापलेला असणार. दुहेरी रूपांतराचे चांगले पोर्टेबल पहिला टप्पा ५५ मेगाहर्ट्झच्या आसपास नेतात आणि हा प्रश्न जवळजवळ संपवतात.

दुसरं भूत रेडिओवर सिग्नलचं जास्त ओझं पडलं की उगवतं. पाच-सात मीटर तार खिडकीबाहेर सोडा, तिचं टोक एरियलला चिमट्याने लावा किंवा बाहेरील एरियलच्या खोबणीत घाला, आणि अंधार पडल्यावर ४१ ते ३१ मीटरच्या मधली जागा चाचपा, जिथे प्रसारण केंद्रं विरळ असतात. तिथे दोन-तीन भाषांचा एकत्र गलबला ऐकू आला तर शंका घ्या. आता खटका लोकलवर करा. खरं स्टेशन थोडं मंदावतं. भूत मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने कोसळतं, बहुधा साफ नाहीसं होतं. असा रेडिओ वाईटच असं नव्हे. स्वतःच्या एरियलवर तो उत्तम चालेल. पण तुम्हाला तार लावून ऐकायचं असेल, तर तारेवर न गोंधळणारा आणि ॲटेन्युएटरची (सिग्नल कमी करण्याची) सोय असलेला रेडिओच निवडा.

एसएसबी आणि सिंक

हौशी केंद्रचालकांच्या, म्हणजे हॅमच्या, गप्पा ऐकायच्या असतील तर एसएसबी लागतंच. रिवाज असा, की १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी, म्हणजे वरची बाजू. १४२०० किलोहर्ट्झच्या आसपास दिवसा कुणीतरी बोलत असतंच.

डायल किती अचूक आहे हे घरबसल्या काढता येतं. १०००० किलोहर्ट्झवर वेळदर्शक केंद्र लागलं की यूएसबी लावून ९९९९ वर जा; एक शिट्टी ऐकू येईल. मग एलएसबी लावून १०००१ वर जा. दोन्ही शिट्ट्या एकाच पट्टीत असतील तर डायल बरोबर. नसतील, तर दोन्हींतल्या फरकाच्या निम्मी चूक डायलमध्ये आहे. सुरू केल्यावर लगेच आणि अर्ध्या तासाने पुन्हा ऐका. पट्टी सरकली तर रेडिओ तापताना त्याची फ्रीक्वेन्सी सरकते, आणि एसएसबीवर दर पाच मिनिटांनी घुंडी फिरवावी लागेल.

सिंक्रोनस डिटेक्शन, म्हणजे थोडक्यात सिंक, फेडिंगमधला फाटका आवाज सावरण्यासाठी असतं. सोनीच्या आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआरची कीर्ती मोठ्या प्रमाणात त्याच्या सिंकवर उभी आहे, टेक्सन पीएल-६६० मध्येही ते आहे. परीक्षा सोपी: मध्यम पण खोल फेडिंगचं ते दुसरं लक्ष्य लावा, सिंक दाबा आणि पाच मिनिटं हात लावू नका. सिग्नल खोल गेल्यावर पकड सुटून कुईई असा सूर किती वेळा उठतो ते मोजा. दोनदा चालेल. दहादा उठत असेल तर ते बटण नसल्यातच जमा.

उशाशी पंधरा दिवस

टेबलावरची परीक्षा संपली की एक रेडिओ सात दिवस आणि दुसरा सात दिवस, अशी वाटणी करा. त्या काळात तोच एक रेडिओ वापरायचा, दुसरा कपाटात.

पहिल्याच रात्री दिवा बंद करून तीन कामं करून बघा: रेडिओ सुरू करा, एखादी फ्रीक्वेन्सी आकड्यांनी टाका, आवाज अगदी लहान करा. आकडे टाकताना काही रेडिओंत ९-७-४-० दाबलं की झालं. काहींत आधी एक बटण, शेवटी आणखी एक. चार दाब आणि सहा दाब, फरक किरकोळ वाटतो. अंधारात, अर्धवट झोपेत तो किरकोळ राहत नाही. माझ्या उशाशी बराच काळ टिकलेल्या रेडिओच्या ५ या बटणावर एक बारीक टिंब आहे. अंगठा तिथे टेकला की उरलेले आकडे आपोआप सापडतात. कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात हे टिंब मला कधी दिसलेलं नाही.

आवाजाची पहिली पायरीच शांत घरात मोठी वाटणारे रेडिओ असतात. शेजारी कुणी झोपलं असेल तर हा एकच दोष पुरेसा आहे.

घुंडी सावकाश फिरवून बघा. दर पायरीला आवाज क्षणभर कापला जात असेल तर बँड चाळताना 'टक-टक-टक' असं ऐकू येतं आणि कमजोर स्टेशन त्या फटीतून निसटतं. ज्यांना फक्त आकडे टाकून ठरलेलं स्टेशन लावायचंय त्यांना याचं काही नाही. पण बँडवर रमतगमत फिरणं हीच ज्यांची आवड, त्यांनी अखंड आवाज देणारी घुंडीच घ्यावी. माझं मत या बाबतीत पक्कं आहे.

मेमरी किती, हे खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं. तिथवर पोचायचं कसं, हे नसतं. रोजची सहा स्टेशनं मेमरीत घाला आणि तिसऱ्या दिवशी पुस्तिका न बघता ती लावता येतात का बघा. टेक्सनची ईटीएम सोय इथे खरंच कामाची आहे: बटण दाबून ठेवलं की रेडिओ बँड चाळून मिळालेली स्टेशनं वेगळ्या कप्प्यात ठेवतो, आणि पीएल-३३० मध्ये हे कप्पे तासागणिक वेगळे असतात. म्हणजे काल रात्री नऊला काय मिळालं ते आज नऊला पुन्हा समोर येतं.

बाकी गोष्टी भराभर तपासा. रेडिओ चालू असताना घड्याळ दिसतं का? कारण यूटीसी वेळ समोर असणं फार सोयीचं. बटणं कुलूपबंद करायची सोय आहे का, नाहीतर पिशवीत तो आपोआप सुरू होतो. मागची टेकू देणारी पट्टी घुंडी फिरवताना रेडिओला धरून ठेवते की तो मागे कलंडतो? स्पीकरवर तासभर बातम्या ऐकल्यावर कान थकतात का?

वीज

साधे एए सेल, सपाट बीएल-५सी बॅटरी, की १८६५० लिथियम सेल: प्रत्येकाचं वेगळं. पीएल-३१०ईटीला तीन एए लागतात आणि सोनी ७६००जीआरला चार. प्रवासात सेल संपले तरी अडत नाही. पीएल-३३० बीएल-५सी वर चालतो, म्हणून तो खिशात मावण्याइतका लहान. पीएल-८८० आणि एक्सएचडेटा डी-८०८ यांना १८६५० लागतो. जास्त तास चालतात, पण एक जादा सेल चार्ज करून ठेवावा लागतो. रेडिओ महिनोन्महिने पडून राहणार असेल तर अल्कलाइन सेल काढून ठेवा. ते गळले की आतली पत्री खाऊन टाकतात.

चार्जिंग चालू असताना शॉर्टवेव्ह लावून बघा. बहुतेक चार्जरांबरोबर गुरगुर येते. ती किती, हे कळलं की ठरवता येतं: रात्री चार्ज करून दिवसा ऐकायचं, की सेल बदलत राहायचं.

कुणी कोणता

फक्त आंतरराष्ट्रीय बातम्या आणि संगीत ऐकायचं असेल तर एसएसबीसाठी अडून बसू नका; पीएल-३१०ईटीसारखा साधा, थेट आकडे घेणारा आणि बँडविड्थच्या पायऱ्या असलेला रेडिओ पुरतो. प्रवासात एकच रेडिओ न्यायचा आणि हॅमही ऐकायचं, तर पीएल-३३०. विमानांचा बँडही हवा असेल तर डी-८०८. घरात टेबलावर राहणारा, स्पीकरवर तासन्तास ऐकायचा असेल तर पीएल-८८० च्या आकाराचा रेडिओ बघा. लहान डब्यातून भरदार आवाज निघत नाही.

सोनीचा ७६००जीआर आता बनत नाही, म्हणून तो मिळाला तर वापरलेलाच मिळतो. घ्यायच्या आधी एरियलची प्रत्येक नळी ओढून बघा, तळाचा सांधा गर्रकन फिरत असेल तर तो झिजलाय. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड आहे का, आवाजाची चकती फिरवताना खरखर येते का, प्रत्येक आकडा एका दाबात उमटतो का ते बघा. मग वेळदर्शक केंद्र लावा, सिंक दाबा, आणि रेडिओ हातात धरून हलकेच वाकवल्यासारखं करा. आवाज तुटला तर आतला एखादा टाका सुटलेला आहे. तो रेडिओ तिथेच परत ठेवा.